नवे आले म्हणून जुने उणे होते काय?

सायंकाळच्या आरतीस नियमाने येणारा एक तरुण काही महिन्यांपूर्वी भर उन्हाळ्यातही सदऱ्याची बाही मनगटापर्यंत ओढून बसू लागला. टाळ्या वाजवितानाही डावा हात उजव्या हाताखाली राहील अशी तो काळजी घेई. आम्हांस वाटले, हातास काही इजा झाली असावी. पुढे एके दिवशी त्याची आई प्रदक्षिणा आटोपून आमच्याजवळ येऊन बसली आणि बोलता बोलता तिने मनातले सांगितले. मुलास नोकरी लागली तेव्हा तिने घरी कांड्या भरून साठविलेल्या पैशांतून त्याला एक स्मार्टवॉच घेऊन दिले होते. ते घड्याळ तो कोणास दिसू नये म्हणून झाकीत होता. "काका," ती म्हणाली, "बिघडलं का रे, म्हणून विचारलं. तर म्हणाला, बिघडलं नाही, जुनं झालं."

घड्याळ घेऊन तेव्हा पुरते चौदा महिनेही झाले नव्हते. त्याच बनावटीचे नवे घड्याळ बाजारात आले होते. त्याची तबकडी मोठी, विजेचा साठा अधिक टिकाऊ, आणि किंमत मात्र पहिल्याहून कमी. कचेरीतील सोबत्याने ते घेतले, आणि आमच्या तरुणाचे मनगट बाहीखाली गेले. माता व पुत्र ह्या दोघांच्याही अनुमतीने आम्ही हे लिहीत आहोत. त्यांची नावे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ही गोष्ट एका घरची नाही.

"बिघडले नाही, जुने झाले" हे वाक्य त्या दिवसापासून आमच्या मनात घोळत आहे. वस्तू बिघडली तर तिच्यात काही पालट होतो. काटा अडकतो, पट्टा तुटतो, काच फुटते. येथे तसे काहीच घडले नव्हते. काल जी वेळ ते घड्याळ दाखवीत होते तीच आजही दाखवीत होते. पावले मोजत होते, सकाळी उठवीत होते, फोनवर आलेला निरोप मनगटावर आणून देत होते. मग उणे झाले ते काय, आणि कोठे? अकबर-बिरबलाच्या गोष्टीत बादशहाने ओढलेली रेघ न पुसता लहान करावयाची असते, आणि बिरबल तिच्या शेजारी दुसरी मोठी रेघ ओढतो. सगळे दरबारी पहिली रेघ लहान झाली असे मानतात. वास्तविक पहिल्या रेघेचा एक कणही कमी झालेला नसतो. पाहणाराची दृष्टी मात्र पालटलेली असते.

इतके सांगून "म्हणून दुःख करू नये" असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु दुसऱ्याच्या दुःखाला भ्रम म्हणून मोकळे होणे हे विचाराचे लक्षण नव्हे. ह्या दुःखात काही अंश खोटा असेल, तसा काही खराही असेल. धान्य पाखडावे तसे ते पाखडून पाहिले पाहिजे. त्यासाठी ह्या घड्याळांचा थोडा इतिहास ध्यानात घेणे अवश्य आहे.

आपल्या देशात मनगटी घड्याळ ही पूर्वी जन्माची सोबत असे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूर येथे एच. एम. टी.ची घड्याळे होऊ लागली. नोकरी लागली, लग्न ठरले, मुलगा मॅट्रिक झाला, की घरात असे एक घड्याळ येई. रोज सकाळी चावी देणे हा अनेक घरांत देवपूजेइतकाच नेमाचा भाग असे. १९८७ च्या सुमारास टायटनची सेलवर चालणारी क्वार्ट्‌झ घड्याळे आली आणि चावीची घड्याळे मागे पडली. अखेरीस २०१६ च्या जानेवारीत एच. एम. टी.चा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. तथापि ज्यांच्या हातावर ती घड्याळे होती त्यांना वीस-पंचवीस वर्षे ती लपवावीशी वाटली नाहीत. ताप्ती मिलमध्ये पाळ्या केलेल्या वृद्धांपैकी कित्येकांच्या पेटीत ती आजही आहेत, आणि चावी दिली तर त्यांतली काही चालूही होतात.

स्मार्टवॉचची कथा निराळी आहे. २०१२ च्या एप्रिलात अमेरिकेतील 'पेबल' नावाच्या एका लहान मंडळीने असे घड्याळ बनविण्याचा संकल्प लोकांपुढे मांडला आणि आगाऊ पैसे मागितले. त्यांनी एक लाख डॉलर मागितले होते. अडुसष्ट हजारांहून अधिक लोकांनी मिळून एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. घड्याळे त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मिळावयाची होती. ती रवाना होऊ लागली ती २०१३ च्या जानेवारीत. पुढे ह्या घड्याळाच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. मात्र २०१६ च्या डिसेंबरात ही कंपनीच बंद पडली, आणि २०१८ च्या ३० जून रोजी ज्या दूरस्थ यंत्रणेवर ह्या घड्याळांच्या कित्येक सोयी अवलंबून होत्या ती थांबली. सॅमसंगने आपले पहिले असे घड्याळ २०१३ च्या सप्टेंबरात आणले आणि अवघ्या पाच महिन्यांत, २०१४ च्या फेब्रुवारीत, त्याच्या पुढच्या आवृत्तीची घोषणा केली. ॲपलचे पहिले घड्याळ २०१५ च्या एप्रिलात विक्रीस आले. २०१६ च्या सप्टेंबरात आलेले त्याचे पुढचे रूप पन्नास मीटर खोल पाण्याचा दाब सोसणारे व स्वतःच मार्ग शोधणारे होते. त्याच सुमारास पहिल्यासारखेच दिसणारे पण अधिक चपळ असे एक घड्याळ मूळच्या किमतीहून कमी किमतीत मिळू लागले. २०१८ च्या सप्टेंबरात जी नवी आज्ञावली आली ती पहिल्या घड्याळांना मिळालीच नाही.

ह्या इतिहासातील एक गोष्ट तर दृष्टांत म्हणून कीर्तनात सांगण्यासारखी आहे. ॲपलच्या त्या पहिल्या घड्याळाचा एक प्रकार अठरा कॅरट सोन्याचा होता. त्याची किंमत दहा हजार डॉलरांपासून सुरू होई. आतील यंत्र मात्र साध्या घड्याळात होते तेच. सुमारे साडेतीन वर्षांनी आज्ञावली मिळेनाशी झाली ती दोहोंनाही सारखीच. सोने जुने झाले नाही. सोन्याच्या आतले जुने झाले. ज्याने सोन्याकडे पाहून ते घेतले त्याला सोन्याने दगा दिला नाही. त्याने मोल दिले होते ते 'सर्वांच्या पुढे असण्याचे', आणि ती वस्तू कोणत्याही पेटीत राहत नाही.

आता पहिल्या ग्राहकाच्या मनातील वेदना पाखडून पाहू. आम्हांस तिच्यात तीन निरनिराळी दुःखे मिसळलेली दिसतात. पहिला पश्चात्ताप: "थोडा थांबलो असतो तर अधिक चांगले आणि स्वस्त मिळाले असते." दुसरा मानभंग: "काल जे माझे कौतुक होते ते आज दुसऱ्याचे झाले." तिसरी अन्यायाची जाणीव: "मी विश्वासाने आधी पैसे दिले, आणि मलाच टाकून दिले." ही तिन्ही एकाच उसाशाने बाहेर पडतात म्हणून एकच वाटतात. त्यांचे औषध मात्र एक नाही.

पश्चात्तापाचे पाहू. थांबलो असतो तर अधिक चांगले मिळाले असते, हे खरेच आहे. परंतु ते आजच्या नव्या घड्याळाविषयीही तितकेच खरे आहे. त्याच्याही पुढचे कोठेतरी बनतच असेल. ह्या न्यायाने जो थांबेल त्याला कधीच काही घेता येणार नाही. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने आपल्या चोवीस गुरूंत विदेह नगरीच्या पिंगलेस स्थान दिले आहे. ती दाराशी उभी राहून, हा नाही तर पुढचा कोणी अधिक धन देणारा येईल, ह्या आशेने रात्र जागविते. दर पावलागणिक आशा वाढते आणि निद्रा दूर जाते. शेवटी ती आशाच सोडते, आणि मग तिला सुखाने झोप लागते. एकनाथमहाराजांनी १५७३ मध्ये काशीक्षेत्री ज्या ग्रंथाची समाप्ती केली त्या एकनाथी भागवतात ही कथा मराठीत सविस्तर आली आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी चातुर्मासात ती ऐकली असेल. पिंगला रिकाम्या हाताने जागी होती, आमचा तरुण भरल्या हाताने जागा होता, एवढाच काय तो फरक. शिवाय पश्चात्ताप करणारा एक हिशेब नेहमी विसरतो. चौदा महिने ते घड्याळ त्याच्या उपयोगी पडले. ते चौदा महिने नव्या घड्याळाची वाट पाहणाराजवळ नाहीत. किमतीतील जो फरक तोट्यासारखा दिसतो, तो बव्हंशी त्या उपभोगाचे मोल आहे.

मानभंगाचे दुःख अधिक खोल आहे, आणि ते बोलून दाखविणेही कठीण. म्हणूनच ते बाहीखाली जाते. येथे स्वतःशी प्रामाणिक होऊन एक प्रश्न विचारावा: आपण घड्याळ घेतले, की घड्याळाचे नवेपण घेतले? नवेपण विकणारा दुकानदार मोठा चतुर असतो. तो आज आपल्याला जे विकतो तेच उद्या, नवा माल मांडून, आपल्याकडून काढून घेतो, आणि दुसऱ्यास पुन्हा विकतो. ययातीने पुत्राचे तारुण्य घेऊन सहस्र वर्षे भोग भोगले आणि तरीही तृप्ती झाली नाही, असे महाभारत सांगते. तेथे निदान भोगणारा एकच होता. येथे तर भोगणारा, पाहणारा आणि हेवा करणारा असे सगळे मिळून एकमेकांची तृषा वाढवितात.

उलट आपल्या घरातील काही वस्तूंकडे पाहावे. देव्हाऱ्यातील टाक चार पिढ्यांच्या बोटांनी झिजलेले असतात; कोणी म्हणत नाही की हे आता जुने झाले. आजीची पैठणी, आजोबांची पोथी, ह्यांचे मोल वर्षांगणिक वाढते. ह्याचे कारण उघड आहे. त्यांचे मोल दुसऱ्याच्या वस्तूशी तुलना करून ठरलेले नसते. ते आपल्या आणि त्यांच्या संबंधातून उत्पन्न झालेले असते, आणि तो संबंध बाजारात दुसरी वस्तू आल्याने तुटत नाही. आता त्या तरुणाचे घड्याळ कोणत्या वर्गातले? बाजाराच्या दृष्टीने ते गेल्या सालचे यंत्र होते. परंतु त्यात त्याच्या मातेच्या रात्रीच्या कांड्या होत्या. त्याने बाहीखाली यंत्र झाकले, आणि तिला वाटले की आपले कष्ट झाकले. स्वतःच्या मानभंगाच्या भरात आपण दुसऱ्याचा केवढा मानभंग करतो ह्याचे त्याला भानही नव्हते. ह्या विषयात नीतीचा प्रश्न खरोखर येथे उभा राहतो. असंतोष हा केवळ आपल्या मनःशांतीचा शत्रू असता तर तो ज्याचा त्याने पाहून घ्यावा असे म्हणता आले असते. पण तो देणाराच्या दानाचा अव्हेर करतो, म्हणून तो अधर्माच्या जवळ जातो.

तिसरे दुःख अन्यायाचे. येथे मात्र आम्ही पहिल्या ग्राहकाच्या बाजूने उभे आहोत. उत्पादकाने नवी वस्तू काढली म्हणून जुन्या ग्राहकावर अन्याय होत नाही. उद्याचा दिवस उगवू देणार नाही असे वचन कोणी कोणास दिलेले नसते. परंतु नवी काढणे आणि जुनी मारणे ह्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दुरुस्ती करता येऊ नये अशा रीतीने वस्तू बंद करणे, सुटे भाग न ठेवणे, आज्ञावलीचा पुरवठा थोड्याच वर्षांत तोडणे, ही कृत्ये विश्वासाने आधी येणाराचा विश्वासघात करणारी आहेत. आपल्या देशातही ह्याची दखल घेतली गेली आहे. दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. ग्राहकाने आपला हक्क मागावा. त्यात असंतोषाचा दोष नाही.

टिकाऊपणा म्हणजे काय हे पाहण्यास बुऱ्हाणपूरकरांना दूर जावे लागत नाही. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळी, १६१५ च्या सुमारास, आपल्या गावी कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले, आणि वर शंभराहून अधिक कुंड्या बांधल्या. चार शतके लोटली, तरी ते झरे आटले नाहीत. त्या बांधणाराने पुढच्या पिढीला आपल्याकडे पुन्हा यावे लागेल अशी खोड त्यात ठेवली नव्हती. सेवा करणारी वस्तू आणि सेवा करून घेणारी वस्तू ह्यांतील अंतर त्या कुंडीत डोकावले म्हणजे कळते.

ह्यावर कोणी विचारील, "सर्वांनी असा संतोष धरला तर सुधारणा कशी व्हावी? आमच्या गावच्या विणकराने जुन्याच मागावर बसून राहावे काय?" आक्षेप योग्य आहे, आणि त्याला उत्तरही दिले पाहिजे. ज्या मागावर सूत वारंवार तुटते आणि कापडाला भाव येत नाही, तो माग बदलणे हा विणकराचा लोभ नसून त्याचा संसार आहे. शेजारच्या कारखान्यात वेगवान माग आला की साध्या यंत्रमागावर पोट असणाराला जी धास्ती वाटते, ती आमच्या तरुणाच्या लाजेच्या पंक्तीस बसविणे म्हणजे गरिबाची थट्टा होईल. तसेच, २०१८ पासून काही घड्याळांत हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढण्याची सोय आली आहे. हृदयविकार असणाऱ्या वडिलांसाठी वैद्याच्या सल्ल्याने मुलाने असे नवे घड्याळ घेतले तर त्याला कोण नावे ठेवील? पतंजलींनी अपरिग्रह यमांत आणि संतोष नियमांत सांगितला आहे. नियम म्हणजे रोज करावयाचा अभ्यास. संतोष हा स्वभावाने लाभलेला आळस नव्हे. गरज कोणती आणि हाव कोणती हे दर वेळी निवडून पाहण्याचा तो अभ्यास आहे.

ही निवड करण्यास आम्ही वाचकांस दोन साधे प्रश्न सुचवितो. नवी वस्तू घेताना मनास विचारावे: ही माझ्याजवळ आहे हे कोणासच कळणार नसेल, तरी ती मला हवी आहे काय? आणि दुसरे: शेजाऱ्याजवळ ती नसती, तर माझ्या जुन्या वस्तूत मला कोणते उणे आढळले असते? ह्या दोन्ही प्रश्नांतून जी गरज पार पडेल ती खुशाल पुरवावी.

पहिल्या ग्राहकांविषयी आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती त्यांच्या मानाची आहे. कोणत्याही नव्या वस्तूचे पहिले रूप ओबडधोबड असते. ते घेणारे लोक अधिक पैसे देतात, उणिवा सोसतात, तक्रारी कळवितात. त्यांच्या पदरमोडीवर पुढची आवृत्ती सुधारते. शेजाऱ्याचे स्वस्त आणि चांगले घड्याळ काही अंशी त्यांच्याच द्रव्याने बनलेले असते. आंबा लावणारा पुष्कळदा फळ चाखीत नाही, पण म्हणून तो फसला असे आपण म्हणत नाही. पेबलच्या जुन्या ग्राहकांनी तर याहून पुढची पायरी गाठली. कंपनी बुडाल्यावर त्यांच्यापैकी जाणत्या मंडळींनी एकत्र येऊन, स्वतःच्या श्रमाने, त्या घड्याळांच्या बंद पडणाऱ्या सोयी पुन्हा उभ्या केल्या. पुढे २०२५ च्या जानेवारीत, ज्या गूगलकडे त्या घड्याळाचे हक्क गेले होते तिने त्याची मूळ आज्ञावली सर्वांस खुली केली, आणि मूळ संस्थापकाने तशी घड्याळे पुन्हा बनविण्याचे ठरविले. ह्यास आपल्या भाषेत एक सुंदर शब्द आहे: जीर्णोद्धार. आपल्याच निमाडात, नर्मदेकाठी महेश्वरी राहून राज्य करणाऱ्या अहल्यादेवींनी १७८० साली काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि देशभर कितीतरी घाट व देवळे सावरली. आपल्या परंपरेने जीर्णास टाकण्यापेक्षा जीर्णास उचलून धरण्यात मोठे पुण्य मानले आहे. देवळाची गोष्ट मोठी आणि घड्याळाची लहान, हे खरे. परंतु वृत्ती एकच.

आपण तापीच्या तीरावर राहतो. आषाढ शुद्ध सप्तमीस आपण तिचा जन्मोत्सव करतो, आणि पुराणे तिला सूर्यकन्या म्हणतात. वेळ मोजणारे पहिले घड्याळ तो सूर्यच. त्याची नवी आवृत्ती निघत नाही, आणि तरी रोजची सकाळ कोणाला जुनी वाटत नाही. मनगटावरच्या यंत्राने वेळ दाखवावी. आपले मोल दाखविण्याचे काम त्याच्यावर सोपवू नये.

आमच्या तरुणाशी आम्ही ह्यातले पुष्कळ बोललो. तो शहाणा आहे, त्याने मान डोलावली, आणि प्रामाणिकपणे हेही सांगितले की, "काका, नवीन घड्याळ अजून आवडतंच. पण हे चालतंय तोवर हेच." आम्हांस हे उत्तर फार आवडले. इच्छा उठणारच, तिला दारात उभे करून थोडे थांबविता आले, एवढ्यानेही पुष्कळ साधते. परवा आरतीस तो आला तेव्हा बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. त्याची आई नेहमीच्या जागी, खांबाजवळ बसली होती. आरती झाल्यावर त्याने मनगटाकडे पाहून तिला म्हटले, "आई, आठ वाजले, चल." ती उठली. तिच्या मुखावर त्या वेळी जे समाधान होते ते कोणत्याही आवृत्तीत विकत मिळत नाही.

सर्वांस असे समाधान लाभो, आणि आपल्या हातून कोणाच्या प्रेमाच्या दानाचा अव्हेर न होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.